पावणेतीन तास पुढचा देश

दोह्यात हिवाळा आधी कानांना कळतो. सात-आठ महिने घुमत असलेला एसी एका सकाळी बंद होतो आणि भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे नव्यानं लक्षात येतं. मग वैशाली, माझी बायको, खिडक्या उघडते. खाचेत साठलेली पिवळट धूळ ओल्या फडक्यानं काढते आणि बाहेरचं जग आत येतं. विमानांचा आवाज, खालच्या कफेटेरियातल्या करक चहाचा वेलदोड्याचा वास, शाळेची बस मागे घेताना होणारा पिकपिक आवाज. आम्ही अल थुमामाला राहतो. विमानतळ जवळ असल्यामुळे आवाजाची सवय आहे, पण खिडकी उघडी असली की तो नुसता आवाज राहत नाही. कुणीतरी चाललंय, असं वाटतं.

यंदा खिडकी उघडली आणि खालून एका बाईचं भाषण वर आलं. आमच्या इमारतीचा वॉचमन नेपाळी आहे. फोन भिंतीला टेकवून तो खुर्चीत बसून ऐकत होता. भाषण मला कळण्यासारखं नव्हतं, सुरुवात तेवढी कळली. आमा, बुबा, दाजुभाइ, दिदीबहिनी. सगळ्या नेपाळी सभांची सुरुवात अशीच होते. आई, वडील, भाऊ, बहिणी. मी चहाचा कप तसाच धरून उभा राहिलो. वैशालीनं विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. त्यांच्याकडे निवडणूक आलीय परत."

तिनं फडकं पिळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खगेंद्रभाऊंना फोन करा."

मी एका कंत्राटदार कंपनीत हिशेबाचं काम करतो. खगेंद्र आमचा ट्रान्सपोर्ट कोऑर्डिनेटर होता. कोणती बस कोणत्या कॅम्पवरून किती माणसं घेऊन कोणत्या साइटवर जाणार, हे त्याचं खातं. आमची टेबलं लागून होती. दुपारी डबे उघडायचे तेव्हा त्याच्या डब्यातून गुंद्रुकचा आंबूस वास यायचा. पालेभाजी आंबवून, वाळवून केलेला हा प्रकार त्याची बायको सुटीवरून येताना बांधून द्यायची. माझ्या डब्यात वैशालीची शेंगदाण्याची चटणी. पहिल्याच महिन्यात आमची अदलाबदल सुरू झाली आणि ती अनेक वर्षं चालली. तो ती चटणी भातावर घालून खायचा. मी त्याला सांगितलं, ही भाकरीबरोबर खातात. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे भात नसेल तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही." तो मला सर म्हणायचा, मी त्याला खगेंद्र दाजू. दाजू म्हणजे थोरला भाऊ. वयानं तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नेपाळी माणसाला दाजू म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. त्याला काही खर्च येत नाही.

आमचं बोलणं हिंदीत. इथे मराठीत लिहितो आहे.

नेपाळचं घड्याळ दोह्याच्या घड्याळापेक्षा पावणेतीन तास पुढे आहे. दोन नाही, तीन नाही, पावणेतीन. मला आकड्यांची सवय असूनही हे पाऊण डोक्यात बसायला वेळ लागला. खगेंद्रला काही हिशेब करावा लागायचा नाही. तो घड्याळ न बघता सांगायचा, "आता सावित्रा शाळेतून निघाली असेल. आता बा गोठ्यात असतील." त्याचं सगळं खरं आयुष्य पावणेतीन तास पुढे चाललं होतं आणि तो मागून बघत होता.

मला आठवतो तो हिवाळा कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला तो. ज्या रविवारी इथे पहिला सामना, त्याच रविवारी नेपाळात संसदेचं मतदान. जगात बहुतेकांना हा योगायोग माहीत नसेल. आमच्या ऑफिसात मात्र त्यावर खूप चेष्टा झाली, कारण खगेंद्रची बायको सावित्रा त्या निवडणुकीत उभी होती.

सावित्रा गावातल्या शाळेत शिकवायची. पहाडातलं गाव, जिल्ह्याच्या ठिकाणापासून जीपनं अर्ध्या दिवसाचं. घरात ती आणि सासरे. मुलगी पोखऱ्यात नर्सिंग शिकत होती. सासरे म्हणजे खगेंद्रचे बा, जुने पक्षवाले. ज्या काळात नेपाळात पक्षांवर बंदी होती त्या काळात त्यांनी भूमिगत पुढाऱ्यांना घरात लपवलं होतं, त्यासाठी तुरुंगात गेले होते. पक्ष कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्याच्या देशातल्या पक्षांवर इथून बोट ठेवणं मला बरं वाटत नाही, आणि लिहिलं तरी या गोष्टीत फरक पडत नाही.

तर त्याच पक्षानं सावित्राला विचारलं, यादीत नाव घालू का? हे थोडं समजावून सांगायला हवं. नेपाळच्या प्रतिनिधी सभेत दोनशे पंचाहत्तर माणसं. त्यांतली एकशे पासष्ट मतदारसंघांतून थेट निवडून येतात. उरलेली एकशे दहा पक्षांना देशभर मिळालेल्या मतांच्या प्रमाणात, पक्षांनी आधी देऊन ठेवलेल्या याद्यांतून. निवडून येणाऱ्या प्रत्येक पक्षाला संसदेतल्या आपल्या माणसांत एक तृतीयांश बायका दाखवाव्या लागतात. कायदा चांगला. पण थेट जागांवर पक्ष पुरुषांना उभं करतात आणि बायकांचा आकडा यादीतून भरून काढतात. त्या वर्षी एकशे पासष्ट थेट जागांवर निवडून आलेल्या बायका दहाच्या आत होत्या. मी हे सगळं डबा खाताना खगेंद्रकडून समजून घेतलं. मला त्यातलं गणित आवडलं. त्याला ते गणित आवडण्याचं कारण नव्हतं.

सावित्रा यादीला नाही म्हणाली. खगेंद्रनं तिचं वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. "मला यादीतली बाई व्हायचं नाही. मतातली व्हायचंय." ती अपक्ष म्हणून थेट जागेवर उभी राहिली. त्यासाठी शाळेची कायम नोकरी सोडावी लागली. चिन्ह मिळालं डोको. डोको म्हणजे पहाडी बायका पाठीवर घेतात ती बांबूची टोपली. पट्टा कपाळावरून जातो. खगेंद्र खूश झाला. "सर, हे चिन्ह समजावून सांगायला लागत नाही. मतदाराच्या पाठीवरच आहे."

ऑफिसात त्याचं नाव पडलं माननीयांचे मिस्टर. नेपाळात खासदाराला माननीय म्हणतात, हे त्यानंच सांगितलं होतं. ते त्याला महागात पडलं. आमचा ड्रायव्हर इक्बाल, रत्नागिरीकडचा, रोज सकाळी ट्रिपशीट घ्यायला आला की दारातून ओरडायचा, "यल्ला, माननीय! आज कुठं पाठवताव आमाला?" आणि माझ्याकडे वळून मराठीत, "साहेब, हेची बायको मिनिस्टर झाली ना, तर हा तिचा पण ट्रिपशीट काढील बघा." खगेंद्रला शब्द कळायचे नाहीत, पण कशावर हसतोय ते कळायचं. तो म्हणायचा, "हस, इक्बालभाई. तुला काठमांडूला सरकारी गाडीवर ठेवतो."

"पगार कतारचा देशील काय?"

"नाही. पण घरी झोपशील."

इक्बालनं ट्रिपशीटची घडी घातली आणि मग हसला. 

खगेंद्रनं बायकोला शब्द दिला होता. एक नाही, दोन. पहिला, मतदानाच्या आधी पंधरा दिवस सुटी घेऊन प्रचाराला येतो. दुसरा, तू निवडून आलीस तर कायमचा येतो. दुसरा शब्द तिनं मागितला नव्हता. तो व्हिडिओ कॉलवर बोलताना मी शेजारी होतो. पलीकडे ती चुलीपाशी बसलेली, चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड. ती हसली आणि तिनं काहीतरी विचारलं. मी त्याला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "विचारते, येऊन करणार काय? मी म्हटलं, माननीयांचा डबा."

पहिला शब्द आधी मोडला. विश्वचषकाच्या आधी आमच्या साइट बंद झाल्या आणि कंपनीनं मजुरांना सक्तीच्या लांब सुटीवर घरी पाठवलं. ज्यांना थांबायचं होतं, चार महिने अजून काम करायचं होतं, ते काठमांडूच्या विमानांत भरभरून गेले. विमानतळावर त्यांना सोडायला बस लावायचं काम खगेंद्रकडे. आणि ज्याला जायचं होतं त्या खगेंद्रची सुटी रद्द झाली, कारण सामन्यांच्या काळात कंपनीच्या गाड्या भाड्यानं दिल्या होत्या आणि त्या चालवून घेणारा माणूस हवा होता. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "इन्शाल्ला, डिसेंबरनंतर दोन महिने जा." मतदान नोव्हेंबरात होतं, हे त्याला कुणी समजावणार? त्याच्या दृष्टीनं ती एका ट्रान्सपोर्टवाल्याची घरगुती अडचण होती.

मग खगेंद्रनं इथूनच प्रचार केला. परदेशात राहणाऱ्या नेपाळ्यांना तिथून मत टाकता येत नाही. कोर्टानं सोय करायला सांगितलेली आहे, सोय झालेली नाही. पण घरी फोन करता येतो. आणि पहाडातल्या घरात पैसे पाठवणाऱ्या मुलाच्या शब्दाला वजन असतं, असं तो म्हणायचा. शुक्रवारी तो बरवा अल बराहाला जायचा. तिथे ओळीनं कामगारांच्या इमारती आहेत. त्याच्या जिल्ह्यातली जी माणसं इथे उरली होती त्यांच्या खोल्याखोल्यांत जाऊन म्हणायचा, घरी फोन लाव. दोनदा मी त्याच्याबरोबर गेलो. मला गाडी होती आणि, खरं सांगायचं तर, मला बघायचं होतं.

त्या खोल्या आठवतात. दुमजली खाटा, दोरीवर वाळणारे कव्हरॉल, इलेक्ट्रिक शेगडीवर रटरटणारी डाळ, दारात चपलांचा ढीग. एका खाटेवर बसलेल्या गवंड्यानं आईला फोन लावला, स्पीकरवर. म्हणाला, आमा, डोकोवर शिक्का मार हं. पलीकडून म्हातारी इतकी जोरात बोलली की खोलीतले सगळे हसले. खगेंद्रनं मला अर्थ सांगितला. "म्हणते, पाच वर्षांत एकदा दसऱ्याला तोंड दाखवत नाहीस आणि मत कुणाला ते सांगतोस? सावित्रा मास्तरीण माझ्या नातवाला शिकवते. तू सांगितलं नसतंस तरी तिलाच दिलं असतं. आता तू सांगितलंस म्हणून विचार करते."

खगेंद्र परतताना गाडीत फार आनंदात होता. मला म्हणाला, "सर, तुम्ही आकडेवाले. काय वाटतं?"

मी म्हणालो, "दाजू, फोनवर हो म्हणणाऱ्यांवरून मत मोजता येत नाही."

"ते मला माहितीय," तो म्हणाला. "काय वाटतं ते विचारलं."

मी म्हणालो, "येईल." मला तसंच वाटत होतं.

तिचं भाषण त्यानं मला फोनवर दाखवलं. शाळेच्या मैदानावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर बहुतेक बायका आणि म्हातारे. ती कागद न घेता बोलत होती. त्यातलं एक वाक्य खगेंद्रनं थांबवून सांगितलं. "शाळेत मुलं नाहीत, कारण गावात आईबाप नाहीत. संसदेत जाऊन मी एवढंच मागणार आहे, की माणसाला घरी राहता यावं." टाळ्या वाजल्या. कॅमेरा वळला तेव्हा पहिल्या रांगेत बा दिसले. डोक्यावर टोपी, हात मांडीवर. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ते पहिल्या रांगेत होते. ज्या पक्षासाठी ते तुरुंगात गेले, त्या पक्षाचा उमेदवार त्याच मतदारसंघात उभा होता.

रविवारी नेपाळात संध्याकाळी पाचला मतदान संपलं तेव्हा आमच्याकडे सव्वादोन वाजले होते. खगेंद्र टेबलावर होता. दोन फोन, एक वॉकीटॉकी, अल खोरच्या रस्त्यानं स्टेडियमकडे जाणाऱ्या गाड्यांची नावं. संध्याकाळी सामना सुरू झाला. सगळं शहर उजळलेलं, आकाशात फटाके, वैशाली आणि आमची मुलगी टीव्हीसमोर. यजमान देश हरला. मुलगी नाराज झाली. मी तिला म्हणालो, आपल्या खगेंद्रकाकांच्या घरी आज याहून मोठा सामना होता. ती म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू सो स्ट्रेस्ड? यू आर नॉट ईव्हन नेपाळी."

बरोबरच होतं तिचं. मला काय पडलं होतं? मी इतकी वर्षं इथे आहे. मतासाठी आम्हालाही स्वतः गावी जावं लागतं, आणि आमच्या परीक्षा, सुट्या, तिकिटं यांच्यात निवडणुका कधी येऊन गेल्या ते कळलंही नाही. गावाकडच्या यादीत माझं नाव असेल. त्या नावापुढे कुणी खूण केलेली नसेल. खगेंद्रचं वेगळं एवढंच, की त्याला ते लागत होतं.

मोजणी बरेच दिवस चालली. तिकडे मतपेट्या डोंगरातून जिल्ह्याला यायला वेळ लागतो. इकडे रोज सामने. खगेंद्रचे डोळे लाल असायचे. सावित्रा पहिल्या दिवशी पुढे होती, मग मागे पडली, आणि शेवटी दुसरी आली. थोड्या मतांनी नाही. बऱ्यापैकी अंतरानं. हे सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट ऐकून कुणाला वाटेल की एका मतानं घात केला. तसं काही झालं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बांचा फोन आला. म्हातारा माणूस, स्वतःहून फोन कधी लावायचा नाही. खगेंद्र उठून बाहेर गेला. पार्किंगमध्ये बसच्या सावलीत उभा राहून बोलत होता. बराच वेळ. परत आला आणि खुर्चीत बसला. मी विचारलं, "बा ठीक आहेत?"

"ठीक आहेत. त्यांचं मत बदर झालं." बदर म्हणजे बाद. "त्यांनी दोन शिक्के मारले."

नेपाळात मतपत्रिकेवर स्वस्तिकाचा शिक्का मारतात. एका कागदावर एकच. बांनी आधी डोकोवर मारला, सुनेच्या चिन्हावर. मग आपल्या जुन्या पक्षाच्या चिन्हावर.

माझं डोकं लगेच हिशेबाकडे गेलं. मी म्हणालो, "पण दाजू, थेटचा कागद वेगळा आणि पक्षांच्या यादीचा वेगळा असतो ना? एका कागदावर सून, दुसऱ्यावर पक्ष. दोघांनाही देता आलं असतं."

"मीही तेच म्हणालो." खगेंद्र हसायला लागला. "ते म्हणाले, मला काय शिकवतोस, यादीच्या कागदावर पक्षाला दिलं मी. पण थेटच्या कागदावरपण ते चिन्ह होतं ना. बावीस वर्षांचा असताना त्याच्यासाठी मार खाल्ला. ते तिथे रिकामं राहिलेलं बघवेना. म्हणाले, एकानं मला माणूस केलं, एकीनं मला म्हातारपणी जेवू घातलं. कुणाला नाही म्हणू?"

इक्बाल ट्रिपशीट घ्यायला दारात येऊन थांबला होता. त्या दिवशी त्यानं माननीय म्हणून हाक मारली नाही. गुपचूप कागद घेऊन गेला.

बांनी सुनेला हे सांगितलं नाही. खगेंद्रनंही सांगितलं नाही. मला वाटतं तिला माहीत होतं.

त्यानंतरचा काळ मला सलग आठवत नाही. खगेंद्र डिसेंबरनंतर दोन महिने गेला आणि परत आला. निवडून आली असती तर तो परत येणार नव्हता. हरल्यावर घरात पगार एकाचाच उरला होता, म्हणून तो परत आला. कुणालाही हे समजेल. सावित्राला नोकरी परत मिळाली नाही. दोन वर्षांनी मुलं कमी म्हणून ती शाळाच शेजारच्या गावातल्या शाळेत मिळवून टाकली. मैदान तसंच राहिलं असेल. मी ते फोनवरच पाहिलेलं, पण मला ते रिकामं दिसतं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी काठमांडूत तरुण पोरं रस्त्यावर आली, माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी संसद भरायची ती इमारत जळाली. आम्ही डबे उघडे ठेवून खगेंद्रच्या फोनवर बघत होतो. खिडक्यांतून काळा धूर. आमच्या ऑफिसात नेपाळी पोरं होती, त्यांच्यातली काही ओरडत होती, काही रडत होती. खगेंद्र दोन्ही करत नव्हता. तो म्हणाला, "ती या दारातून आत जाणार होती, सर." मग चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला. त्याला भूक नव्हती.

प्रतिनिधी सभा बरखास्त झाली, नव्या निवडणुकीची तारीख आली. गावातली तरुण मुलं सावित्राकडे गेली. म्हणाली, मिस, आता आमची वेळ आहे, तुम्ही परत उभ्या राहा. यावेळी लोक जुन्यांना कंटाळलेत, यावेळी तुम्हीच. खगेंद्रला इतक्या हुरूपात मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यानं तिला फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. "उभी राहा. या वेळी मी येतो. नोकरी सोडून येतो."

 ती हिंदीत बोलली, म्हणजे मला कळावं असं तिलाही वाटलं असावं.

"जिंकल्यावर तर सगळेच आले असते. हरले तेव्हा यायचं होतं."

माझ्या टेबलावरच्या कागदांकडे मी बघत राहिलो. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं सांगितलं की तिचा सायप्रसचा व्हिसा आला आहे. एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायचं काम. कागदपत्रं तिनं उन्हाळ्यातच दिली होती, एजंटनं नाही नाही म्हणत आता हो म्हटलं. "घरातून एकच माणूस बाहेर जाऊ शकतो. बांना एकटं ठेवता येत नाही. तुम्ही खूप वर्षं गेलात. आता मी जाते. तुम्ही या."

आणि तसंच ठरलं. जिनं मैदानावर उभं राहून माणसाला घरी राहता यावं असं मागितलं होतं ती घर सोडणार होती, आणि जो ती निवडणूक जिंकली तर कायमचा घरी जाणार होता तो ती उभीच नसलेल्या निवडणुकीला घरी पोचणार होता. खगेंद्रनं राजीनामा दिला. या वेळी मॅनेजरनं अडवलं नाही. "खलास?" त्यानं विचारलं. खगेंद्र म्हणाला, "खलास."

तिचं तिकीट काठमांडूहून दोह्यामार्गे निघालं. इथे काही तास थांबून पुढचं विमान. तिला विमानतळाबाहेर येता येणार नव्हतं, एजंटनं बरोबरच्या सगळ्या बायकांना बजावलं होतं, गेट सोडायचं नाही. खगेंद्रला तिकीट असल्याशिवाय आत जाता येणार नव्हतं. तोडगा इक्बालनं काढला. "तुला जायचंच हाय ना घरी? मग त्याच दिवसाचं तिकीट काढ. आत गेलास की भेट. तुजा एक गेट, तिचा एक गेट, मधी काय भिंत हाय?" तो हे मराठीतच बोलला. मी हिंदीत सांगितलं. खगेंद्र उठला आणि त्यानं इक्बालला मिठी मारली. दोघंही बराच वेळ सुटले नाहीत.

गेल्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी मी त्याला विमानतळावर सोडलं. इतक्या वर्षांचा संसार दोन बॅगा आणि एक खोका. गार वारं होतं, त्यानं सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून तिच्यासाठी घेतलेली लोकरीची शाल हातात वेगळी धरली होती, बॅगेत घातली नव्हती. वैशालीनं चटणीचा मोठा डबा दिला होता. तो म्हणाला, "गावात नेपाळी टोपी घालून बसलो की लोक विचारतील कतारमधून काय आणलं. मी म्हणेन महाराष्ट्राची चटणी." मी हसलो.  मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तो सरळ आत गेला. वळून बघितलं नाही, कारण त्याला घाई होती. कितीतरी वर्षांत मी त्याला कुठेतरी पोचायची घाई असलेला पाहिला नव्हता.

मी घरी आलो नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. काही करायचं नव्हतं, पण निघवेना. वैशालीचा मेसेज आला, भेटले का? मी लिहिलं, माहीत नाही.

मग त्याचा फोन आला. मागे घोषणांचा आवाज, लहान मुलाचं रडणं, चाकांच्या बॅगा. त्यानं सांगितलं की ती गेली. तिच्या विमानाचं गेट बंद झालं. शाल तिनं तिथेच अंगावर घेतली, आणि पर्समधून काढून धान्याच्या कोठीची किल्ली त्याच्या हातात दिली. बांकडे ठेवली असती तर हरवली असती, म्हणून ती किल्ली बरोबर घेऊन निघाली होती.

"बोललात ना नीट?" मी विचारलं. "काय बोललात?"

मागे आणखी एका विमानाची घोषणा झाली. 

"म्हैस कोणत्या बाजूनं दोहायची ते तिनं सांगितलं," तो म्हणाला. "बांना मीठ किती. बीपीची गोळी कोणत्या डब्यात. पाण्याचा पाइप थंडीत कुठे फुटतो. छपराची कोणती बाजू गळते. कोणत्या शेजाऱ्याला काय उसनं दिलंय. सगळा वेळ तेच. मी मधे काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, आधी ऐका, विसराल. मला माझंच घर समजावून सांगत होती, सर. आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं."